पानं लॅबमध्ये तपासून घ्यायची असतील तर : पुण्यातल्या एका लॅबचा अनुभव

अडुळसा, निर्गुडी आणि पेरूची पानं सावलीत वाळवून, निवडून विकणं हा आमच्या गटाचा धंदा आहे. भोरकडच्या गावांत अडुळशाची कुंपणंच्या कुंपणं आहेत, ओढ्याकाठी निर्गुडी माजलेली असते आणि पेरूच्या बागा छाटल्या की पानांचा ढीग पडतो. आमची गिऱ्हाइकं म्हणजे बहुतेक वैद्य आणि काढ्याचं मिश्रण करणारे छोटे व्यावसायिक. अलीकडे त्यांत घरगुती साबण आणि उटणं करणाऱ्यांची भर पडली आहे. वैद्य पान हातात घेऊन, चुरडून, वास घेऊन घेतात. साबणवाले मात्र पहिलाच प्रश्न विचारतात : “अँटिबॅक्टेरियल आहे ना? रिपोर्ट आहे का?”

त्या रिपोर्टसाठी पुण्यातल्या एका खाजगी लॅबकडे मी माल दिला. त्यांच्या सेवेबद्दल सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्यासारख्या लहान गटांना याविषयी मराठीत फारसं वाचायला मिळत नाही आणि पैसे मात्र भरपूर जातात. लॅबचं नाव लिहीत नाही. काही तक्रारीही आहेत, आणि त्या मी त्यांना तोंडावर सांगितल्या आहेत. पण कोणत्याही लॅबमध्ये जाताना काय विचारायचं, काय बघायचं, हे यातून कळेल.

आधी एका दुसऱ्या ठिकाणचा रिपोर्ट सांगते, म्हणजे फरक लक्षात येईल. तिथे आम्ही निर्गुडी दिली होती. हातात आला एक कागद. वर पानाचं नाव, खाली पानातल्या रसायनांचा तक्ता, पुढे अधिकच्या (+) खुणा : अल्कलॉइड अधिक, टॅनिन दोन अधिक, फ्लेव्होनॉइड दोन अधिक, सॅपोनिन अधिक. त्याखाली एक ओळ, की जिवाणूंविरुद्ध १४ मिलिमीटरचा झोन (म्हणजे अर्काभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) मिळाला. कोणता जिवाणू, त्याचा नंबर काय, अर्क कशात काढला, किती तीव्रतेचा, प्लेटवर किती टाकला, सोबत तुलनेला काय ठेवलं होतं, यातलं एकही अक्षर नाही. मी वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी केलेलं आहे, त्यामुळे मला हे लगेच खटकलं. पण गटातल्या बाकीच्या बायकांना तो छापील कागद खरा वाटला, आणि का वाटू नये? त्यांनी पैसे मोजले होते.

टॅनिन आणि फ्लेव्होनॉइड तर जवळजवळ कुठल्याही हिरव्या पानात सापडतात. फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले की काळपट निळा किंवा हिरवा रंग येतो, मॅग्नेशियमचा तुकडा आणि हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की गुलाबी येतो. या चाचण्या कॉलेजच्या प्रॅक्टिकलला ठीक आहेत, पहिली चाळणी म्हणूनही ठीक आहेत. पण “दोन अधिक” म्हणजे किती, हे त्यावरून कुणालाच सांगता येत नाही. आंब्याचं पान दिलं असतं तरी तक्ता साधारण तसाच आला असता.

नव्या लॅबमध्ये पहिल्याच भेटीत मला बरं वाटलं, कारण दरपत्रक पुढे सरकवण्याआधी तिथल्या मॅडमनी विचारलं, “ताई, हा रिपोर्ट कुणाला दाखवायचा आहे? आणि तो माणूस पान वापरणार कसं?” मी सांगितलं, वैद्य अडुळशाचा काढा करतात, साबणवाले पेरूचं पान पाण्यात उकळून ते पाणी साबणात घालतात, निर्गुडी शेकण्यासाठी आणि तेलासाठी जाते. त्यावर त्या म्हणाल्या, मग मिथेनॉलचा अर्क काढून उपयोग काय? मिथेनॉल विषारी, तुमचं गिऱ्हाईक ते कधीच वापरणार नाही. मिथेनॉलमध्ये वर्तुळ मोठं येतं म्हणून बरेच जण तेच मागतात. आपण साधा पाण्याचा काढा करू आणि सोबत सत्तर टक्के इथेनॉलचा अर्क ठेवू, म्हणजे पानात आहे किती आणि पाण्यात उतरतं किती, दोन्ही कळेल.

या एका बोलण्यासाठी मी त्यांना निम्मे गुण तिथेच दिले. पैसे घेऊन मोठं वर्तुळ दाखवणं त्यांना सोपं होतं.

दुसरी गोष्ट त्यांनी लावून धरली ती ओळख पटवण्याची. पान वाळलं, भरड झालं की अडुळसा आहे की आणखी काही, डोळ्यांनी सांगता येत नाही. अडुळशात महारुखाची पानं मिसळली जातात, हे या धंद्यातलं जुनंच दुखणं आहे. त्यांनी फुलांसकट फांदी दाबून, वाळवून आणायला सांगितली आणि ती कोरेगाव पार्कजवळच्या बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या पश्चिम विभागीय केंद्रातून ओळखून घ्या म्हणाल्या. त्याला वेळ लागला, पण आता आमच्या अडुळशाचा नमुना, त्याचा क्रमांक, कुठल्या शिवारातून आणि कधी तोडला याची नोंद असा कागद आमच्याकडे आहे. भरड पानाची ओळख त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली केली आणि मलाही दाखवली. पान पारदर्शक करून घेतल्यावर अडुळशाची पर्णरंध्रं दिसतात : दोन साहाय्यक पेशी रंध्राला आडव्या बसलेल्या, आणि मधूनमधून लांबट, खडबडीत सिस्टोलिथ, म्हणजे पेशीत साठलेला कॅल्शियम कार्बोनेटचा गोळा. कॉलेजमध्ये आकृती काढली होती, प्रत्यक्षात आमच्याच कुंपणाच्या पानात तो बघताना फार आनंद झाला.

आता मुख्य चाचणी. मी विनंती केली की प्लेट वाचताना मला बघू द्या. सगळ्या लॅब हे करू देत नाहीत. इथे बाहेरच्या खोलीत कोट घालून, हात न लावता बघायची परवानगी मिळाली. आदल्या दिवशी दुपारी त्यांनी म्युलर-हिंटन अगारच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थराच्या) प्लेटवर जिवाणूंची गादी पसरली होती. अगारचा थर चार मिलिमीटर, जिवाणूंचं पाणी ठरावीक गढूळपणाचं (मॅकफारलंड ०.५, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ढोबळमानाने पंधरा कोटी जिवाणू), मग सहा मिलिमीटरची भोकं पाडून प्रत्येकात अर्काचे ५० मायक्रोलिटर. ३५ अंशांच्या आसपास १६ ते १८ तास ठेवून सकाळी वाचन. जिवाणू दोन घेतले होते : त्वचेवर फोडं आणणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि आतड्यातला ई. कोलाय. दोन्ही पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संग्रहातून आणलेले, बाटलीवर नंबर. हा नंबर रिपोर्टवर असायलाच हवा. नाहीतर “जिवाणू” म्हणजे कोणता, हे कोणी तपासणार कसं?

स्टॅफिलोकॉकसची प्लेट उजेडापुढे धरली तेव्हा पिवळसर दुधी गादीत पेरूच्या अर्काभोवती स्वच्छ वर्तुळ होतं, कडा नीट कापल्यासारखी. निर्गुडीभोवती एक धूसर कडं, मधे मधे विरळ वाढ दिसत होती. अडुळशाच्या भोकापर्यंत जिवाणू अगदी टेकून वाढलेले. मधोमध सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची चकती, तिच्याभोवती सगळ्यांत मोठं वर्तुळ. आणि एका कोपऱ्यातल्या भोकात नुसतं डीएमएसओ, ज्यात अर्क विरघळवला होता ते द्रावण. त्याच्याभोवती काहीच नाही.

मला सगळ्यांत मोलाचं वाटलं ते हे रिकामं भोक. द्रावणानेच जिवाणू मरत असतील तर पानाचं श्रेय काय? आधीच्या रिपोर्टमधल्या त्या १४ मिलिमीटरमध्ये पान किती आणि द्रावण किती, हे कधीच कळणार नाही, कारण तिथे असं भोक ठेवल्याची नोंदच नव्हती. तसंच सिप्रोफ्लॉक्सासिनचं वर्तुळ ठरलेल्या मर्यादेत आलं की नाही हेही त्यांनी तिथेच पट्टीने तपासलं. पाच मायक्रोग्रॅमच्या चकतीला स्टॅफिलोकॉकसच्या प्रमाण जातीवर २२ ते ३० मिलिमीटर यायला हवं. आलं नाही तर पूर्ण प्लेट फेकायची.

मग त्यांनी जो हिशेब सांगितला तो मी साबण करणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आता सांगते. अर्क एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम तीव्रतेचा होता. ५० मायक्रोलिटर म्हणजे भोकात ५ मिलिग्रॅम गेले. चकतीत औषध ५ मायक्रोग्रॅम. म्हणजे पेरूच्या अर्काला चकतीच्या हजारपट वजन देऊन ते वर्तुळ मिळालं आहे, आणि तरीही ते चकतीपेक्षा लहान. “अँटिबायोटिकच्या तोडीचा पाला” असं कोणी पाकिटावर छापलं तर ते साफ खोटं ठरेल. शिवाय वर्तुळ मोठं म्हणजे ताकद जास्त असंही नाही. मोठे रेणू अगारमध्ये फार सावकाश सरकतात, ते भोकाजवळच राहतात; छोटे रेणू लांब जातात आणि उगाच मोठं वर्तुळ दाखवतात. दोन पानांची तुलना वर्तुळ मोजून करायची नाही, असं त्या मॅडमनी तीनदा बजावलं.

तुलना करायची तर एमआयसी, म्हणजे वाढ थांबवायला लागणारी कमीत कमी मात्रा. ९६ खळग्यांच्या पट्टीत अर्क निम्मा-निम्मा पातळ करत जायचा, जिवाणू घालायचे, आणि शेवटी रेझाझुरिन नावाचा निळा रंग. जिवाणू जिवंत असतील तर तो गुलाबी होतो, नसतील तर निळाच राहतो. पेरूच्या इथेनॉल अर्काला स्टॅफिलोकॉकसविरुद्ध ६२५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आलं. एक मिलिग्रॅमच्या वर गेलेल्या अर्कांकडे या क्षेत्रात फारसं कोणी बघत नाही आणि १०० मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तरच खरं लक्ष वेधतं, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे आमचं पेरूचं पान मधल्या रांगेत. पाण्याच्या काढ्याला याहून बरीच जास्त मात्रा लागली. ई. कोलायवर तर एकाही पानाचा सांगण्यासारखा परिणाम नव्हता. त्याच्या पेशीला बाहेरून आणखी एक आवरण असतं, त्यातून पुष्कळ वनस्पतिजन्य संयुगं आत शिरूच शकत नाहीत.

गटातल्या बायकांना अडुळशाचं वाईट वाटलं. आमच्या मालात निम्म्याहून जास्त अडुळसाच असतो, आणि प्लेटवर तो शून्य. मला मात्र याचं अजिबात वाईट वाटलं नाही, आणि ते का ते इथे ठासून लिहिते. अडुळसा मुख्यतः जंतू मारण्यासाठी दिलाच जात नाही. तो खोकल्याचं पान आहे. त्यातलं मुख्य अल्कलॉइड वॅसिसिन कफ सुटायला आणि श्वासनलिका सैल व्हायला मदत करतं. खोकल्याच्या औषधांतलं ब्रोमहेक्झिन याच रेणूवरून घडवलेलं आहे, आणि ॲम्ब्रोक्सॉल हे ब्रोमहेक्झिनपासूनच शरीरात तयार होणारं रूप. अशा पानाला अगारच्या प्लेटवर उभं करून नापास ठरवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. अडुळशाला विचारायचा प्रश्न एकच : वॅसिसिन किती?

लॅबचं म्हणणंही हेच होतं. अडुळशासाठी त्यांनी जिवाणूंची पुढची चाचणी रद्द करून तेच पैसे एचपीटीएलसीकडे, म्हणजे अर्कातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीकडे, वळवले. काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ थरावर अर्काची बारीक रेघ ओढतात, शेजारी शुद्ध वॅसिसिनची, आणि द्रावण वर चढू देतात. अतिनील दिव्याखाली आमच्या अर्कातला पट्टा वॅसिसिनच्या बरोबर पातळीवर उभा होता. फुलोऱ्यापूर्वीचा लॉट आणि नंतरचा लॉट शेजारी शेजारी ठेवल्यावर पट्ट्यांच्या जाडीतला फरक मला चष्मा न लावताही दिसला. त्यांनी तीव्रतेचे आकडेही काढून दिले. आता आम्ही तोडणीच्या वेळा त्याप्रमाणे ठरवतो आहोत, आणि या एका चाचणीने आमच्या धंद्यात खरा फरक पडला.

आता खटकलेल्या गोष्टी. रिपोर्ट ठरलेल्या तारखेपेक्षा बराच उशिरा आला आणि दर वेळी मीच फोन करायचा. रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत, तोही तक्त्यांचा. मॅडमनी तोंडी इतकं सुरेख समजावलं, त्यातलं अर्ध्या पानाचं टिपण मराठीत दिलं असतं तर गटाच्या बैठकीत मला पुन्हा सगळं सांगत बसावं लागलं नसतं. प्लेटचे फोटो मागितल्यावरच मिळाले, आणि त्यांत पट्टी ठेवलेली नव्हती. फोटोत पट्टी नसेल तर वर्तुळ किती मोठं हे बघणाऱ्याला कसं कळणार? दर प्रत्येक जिवाणूमागे वेगळा, एमआयसीचा वेगळा, वर १८ टक्के जीएसटी. कोटेशनमध्ये कर धरलेला नव्हता. लहान गटासाठी हा खर्च भारी आहे, आणि त्यांनी सवलतीची गोष्ट काढलीच नाही.

एक तक्रार जरा मोठी आहे. रिसेप्शनवर एनएबीएलचं (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं) प्रमाणपत्र टांगलेलं आहे. पण ते कोणकोणत्या चाचण्यांसाठी आहे हे मी त्याच्या यादीत शोधलं तर जड धातू आणि जिवाणूंची संख्या एवढंच निघालं. जिवाणूरोधक चाचणी त्यात नाही. त्यामुळे त्या रिपोर्टवर ते चिन्ह येत नाही, आणि ते नियमाप्रमाणेच आहे. लॅबने काही लपवलं असं नाही, पण विचारल्याशिवाय सांगितलंही नाही. तुम्ही माल देण्याआधी ती यादी नक्की मागा. एनएबीएलच्या संकेतस्थळावरही ती बघता येते.

त्यांनी मागे लागून करायला लावलेली चाचणी म्हणजे पानांच्या भुकटीतलेच जिवाणू मोजणं. सुरुवातीला मला ते जादा बिल वाटलं. पण विचार केला तर पटतं : जंतू रोखणारं पान स्वतःच अंगणातल्या धुळीने आणि बुरशीने भरलेलं असू शकतं. आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या, म्हणजे औषधांच्या सरकारी मानक ग्रंथाच्या, मर्यादेप्रमाणे एका ग्रॅममध्ये एकूण जिवाणू एक लाखाच्या आत आणि बुरशी हजाराच्या आत लागते. शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) यांच्या वर जाता कामा नये. रस्त्याच्या कडेच्या निर्गुडीसाठी हे शिशाचं प्रकरण महत्त्वाचं आहे. आमची ओढ्याकाठची निर्गुडी सगळ्यांत उत्तीर्ण झाली. पावसाळ्यात वाळवलेल्या पेरूच्या पानांत बुरशीचा आकडा मर्यादेच्या आत पण काठावर होता, म्हणून श्रावणापर्यंत पेरूचा माल घेणं आता बंद ठेवलं आहे.

ज्यांना इथे किंवा कुठेही माल द्यायचा असेल त्यांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. पानं वर्तमानपत्रावर वाळवू नका, शाईचं काय उतरेल सांगता येत नाही. सुती कापड घ्या. उन्हात अजिबात नको. निर्गुडीचं सुगंधी तेल उडून जातं, आणि मग चाचणीत पान फिकं पडलं म्हणून लॅबवर रागवण्यात अर्थ नाही. तोडणीची तारीख, झाडाचं वय, शेताची जागा लिहून पाकिटात घाला. प्लास्टिकपेक्षा कागदी पिशवी बरी. आणि काउंटरवर उभं राहून हे विचाराच : अर्क कशात काढणार, तीव्रता किती, द्रावणाचं रिकामं भोक ठेवणार का, जिवाणूचा नंबर रिपोर्टवर येईल का, प्रत्येक अर्काच्या प्लेट तीन-तीन लावणार की एकच. या पाचांपैकी एकाचंही उत्तर “ते आम्ही बघतो” असं आलं तर माल परत घेऊन या.

साबणवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. हा रिपोर्ट पानाच्या अर्काचा आहे, तुमच्या साबणाचा नाही. साबण अल्कधर्मी असतो, त्यात अर्क नखभर जातो, आणि चोळून धुतल्यावर अंगावर काही क्षणच राहतो. साबणाबद्दल काही छापायचं असेल तर साबणच तपासायला द्या. रोग बरा होतो असं छापायचं असेल तर त्याला औषधाचा परवाना लागतो. लॅबचा कागद त्या जागी चालत नाही. आमच्या एका गिऱ्हाइकाला हे सांगितलं तर ते रागावले आणि माल दुसरीकडून घेऊ लागले. त्यांचं पाकीट मी नंतर दुकानात बघितलं : “९९ टक्के जंतू नष्ट”. अशा छपाईसाठी आमचं पान द्यायची माझी तयारी नाही.

हिवाळ्यातला अडुळशाचा लॉट मी याच लॅबकडे देणार आहे, फक्त वॅसिसिनच्या मोजणीसाठी. निर्गुडीच्या पानातून काढलेल्या तेलाची तपासणी हवी आहे, पण त्यासाठी लागणारं यंत्र त्यांच्याकडे नाही, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. त्यासाठी दुसरी लॅब शोधते आहे. भोर, वेल्हे, मुळशी भागातल्या कुणी निर्गुडीचं तेल कुठे तपासून घेतलं असेल तर जरूर कळवा, आणि त्यांनी तुलनेला काय ठेवलं होतं तेही सांगा.